लाड, खेळ आणि दोघांचा एक फोटो

घरखर्चाचा हिशेब मांडताना हप्ते, भाडे, शाळेची फी, किराणा आणि दवाखाना यांना आपोआप मानाची जागा मिळते. त्याच घरातल्या मांजरीचे खाणे, मुलांनी आणि आईबापांनी मिळून खेळायचा व्हिडिओ गेम किंवा नवरा-बायकोच्या एखाद्या आवडत्या फोटोची फ्रेम या गोष्टी मात्र हिशेबाच्या तळाशी जातात. पैसे उरले तर, सवड मिळाली तर, परीक्षा संपल्या तर, अशा अटींवर त्यांना घरात शिरकाव मिळतो. कुत्र्याचे लाड म्हणजे शहरी चोचले, गेम म्हणजे वेळेची नासाडी आणि दोघांचा फोटो म्हणजे मिरवणे, ही मते आपल्याकडे इतकी रुळली आहेत की ती तपासून पाहण्याची गरजही कोणाला वाटत नाही. ती तपासायला हवीत. घर माणसांनी भरते, पण टिकते ते त्या माणसांनी काही काम नसताना एकमेकांच्या सोबतीने घालवलेल्या वेळामुळे. पाळीव प्राणी, मिळून खेळलेला खेळ आणि दोघांनाही आवडणारा फोटो ही त्या सोबतीची आजच्या घरातली तीन ओळखीची रूपे आहेत. म्हणून ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न त्यांना लावणेच चूक आहे. लावायच्याच तर दोन कसोट्या लावाव्यात. यामुळे घरातल्यांचे लक्ष एकमेकांकडे वळते का? आणि यामागचे कष्ट सगळे जण वाटून घेतात का?

ही सगळी अलीकडची थेरे आहेत, असा पहिला आक्षेप असतो. जर्मनीत बॉन शहराजवळच्या ओबरकासेल येथे १९१४ साली दगडाच्या खाणीत काम चालू असताना एक प्राचीन दफन सापडले. सुमारे १४,००० वर्षांपूर्वीच्या त्या दफनात एक पुरुष, एक स्त्री आणि एक कुत्रा होता. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या कुत्र्याच्या दातांची बारकाईने तपासणी झाली. ते जेमतेम सात महिन्यांचे पिल्लू होते आणि दातांवरच्या खुणांवरून त्याला डिस्टेंपर हा विषाणूजन्य आजार जडला असावा, असे संशोधकांनी दाखवून दिले. या आजारात पिल्लाला ताप येतो, जुलाब होतात, झटके येतात, आणि देखभाल झाली नाही तर ते लवकरच दगावते. हे पिल्लू मात्र आजारपणाचे अनेक आठवडे तग धरून होते. कोणीतरी त्याला उबेत ठेवल्याशिवाय, पाणी पाजल्याशिवाय, स्वच्छ केल्याशिवाय ते शक्य नव्हते, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. आजारी पिल्लू शिकारीला येत नाही आणि राखणही करत नाही. स्वतःच्या पोटाची भ्रांत असलेल्या काळात माणसांनी त्याची शुश्रूषा केली आणि मेल्यावर त्याला आपल्या माणसांशेजारी जागा दिली. काश्मीरमधल्या बुर्झहोम या नवाश्मयुगीन वस्तीतही माणसांच्या दफनात कुत्रे आढळले आहेत. प्राण्यांवर जीव लावणे हे पोट भरल्यानंतर सुचलेले खूळ नाही, एवढे या पुराव्यावरून नक्की म्हणता येते.

आपल्या मातीतला पुरावाही कमी बोलका नाही. वेरूळच्या २१व्या, रामेश्वर नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेण्यात शिव आणि पार्वती सारीपाट खेळत बसलेले कोरले आहेत. त्यांच्या खाली नंदी आहे आणि त्याच्याभोवती दंगा करणारे गण आहेत. वेरूळच्या आणखी काही लेण्यांतही हा प्रसंग पुन्हा येतो. देवाचे सामर्थ्य दाखवायला शिल्पकारांकडे तांडव होते, अंधकासुराचा वध होता, कैलास हलवणारा रावण होता. ते सगळे त्यांनी कोरलेच. पण त्याच भिंतींवर त्यांनी जोडपे, खेळ आणि घरचे जनावर यांनाही तितक्याच निगुतीने जागा दिली. जगाचा कारभार पाहणारा देवही बायकोसोबत डाव मांडून बसतो, ही कल्पना त्या काळच्या भाविकांना देवाला कमीपणा आणणारी वाटली नाही. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज आपल्या घराघरांत सांगितले जातात. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावून, त्याला सजवून पुरणपोळीचा घास भरवणारा शेतकरी त्या दिवशी त्याच्याकडून औत ओढून घेत नाही. वर्षभर ज्याच्या कष्टांचा हिशेब ठेवला, त्याला एक दिवस हिशेबाबाहेर काढून घरातला मानतो. तेव्हा जनावराचे लाड ही श्रीमंतांची मक्तेदारी आहे असे म्हणणारा माणूस मराठी गावगाडा विसरलेला असतो.

याच मुद्द्यावर एका फोटोचा दाखला महत्त्वाचा ठरतो. फेब्रुवारी १९३४ मध्ये मुंबईत दादरच्या राजगृहात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कुटुंबाचा एक फोटो काढला गेला. त्यात बाबासाहेब आणि रमाबाई आहेत, मुलगा यशवंत आहे, थोरल्या भावाच्या पत्नी लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद आहेत, आणि सोबत बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबीही आहे. हा काळ कोणता होता ते लक्षात घ्यायला हवे. गोलमेज परिषदा आणि १९३२चा पुणे करार होऊन गेला होता. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९३५ मध्ये, येवल्याची घोषणा व्हायची होती. ग्रंथसंग्रहाला पुरेशी जागा मिळावी म्हणून ज्याने राहते घर त्या बेताने बांधून घेतले, त्या माणसाकडे फुकट घालवायला एक क्षण नव्हता. तरीही त्या घरात कुत्र्याला जागा होती आणि कुटुंबाच्या फोटोतही त्याला जागा होती. २७ मे १९३५ रोजी रमाबाईंचे निधन झाले. त्या दोघांना एकत्र पाहण्यासाठी आज असंख्य कुटुंबांना ज्या मोजक्या फोटोंचा आधार आहे, त्यांत हा एक आहे. बाबासाहेबांचा संघर्ष त्यांच्या ग्रंथांतून आणि भाषणांतून कळतो. पण त्या संघर्षामागे एक नांदते घर होते, हे हा फोटो सांगतो. ज्या कामाला कोणी ‘बिनकामाचे’ म्हटले असते, त्या कामाने एवढी मोठी गोष्ट जपून ठेवली.

यावर कोणी म्हणेल की तेव्हा फोटो दुर्मीळ होता म्हणून मोलाचा होता, आज प्रत्येकाच्या खिशात हजारो फोटो आहेत. आक्षेप रास्त आहे, आणि त्यातूनच दोघांच्या आवडत्या फोटोचे महत्त्व सिद्ध होते. अमेरिकेतल्या फेअरफिल्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी एका कलासंग्रहालयात केलेला प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले त्या त्यांना कमी आठवल्या, नुसत्या निरखून पाहिलेल्या वस्तू जास्त आठवल्या. आठवण ठेवण्याचे काम कॅमेऱ्यावर सोपवले की मन त्यातून अंग काढून घेते. मात्र त्याच प्रयोगात ज्यांनी वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा रोखून, बारकाईने पाहून फोटो काढला, त्यांची स्मृती तशी कमी झाली नाही. म्हणजे दोष फोटोचा नसतो, दोष न पाहण्याचा असतो. हजारो फोटोंचा साठा असणे आणि एक फोटो निवडून, छापून, रोजच्या नजरेत राहील असा लावणे यात म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक आहे. निवडण्यासाठी दोघांना शेजारी बसून मागचे दिवस चाळावे लागतात. ‘हा नको, यात तू दमलेली दिसतेस’, ‘मला तर हाच आवडतो’ असे बोलणे होते. लग्नाआधीच्या चित्रीकरणावर आणि जाड अल्बमवर आज कुटुंबे मोठा खर्च करतात, पण त्यातले फोटो बहुधा पाहुण्यांना दाखवण्यासाठी असतात. दोघांचा आवडता फोटो पुष्कळदा त्या अल्बमबाहेरचा असतो, कोणीतरी सहज टिपलेला, केस विस्कटलेले असताना, मांजर मांडीवर असताना किंवा दोघेही खेळाच्या पडद्याकडे पाहून हसत असताना. तो मिरवायचा नसतो, म्हणूनच तो खरा असतो. पूर्वीच्या एकत्र कुटुंबात नवरा-बायकोला चारचौघांत शेजारी बसण्याचीही चोरी होती. त्या मानाने आजच्या जोडप्याने आपला एकत्र फोटो घरात दर्शनी लावणे हे नात्यातल्या मोकळेपणाचे लक्षण आहे, आणि त्याचे स्वागत व्हायला हवे.

तिघांपैकी सर्वांत जास्त बोलणी खाणारा म्हणजे व्हिडिओ गेम. येथे आक्षेप गंभीर आहेत आणि ते उडवून लावता येणार नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात गेमिंगच्या विकाराची स्वतंत्र नोंद आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणे, रोजच्या जगण्यातल्या इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला वरचे स्थान मिळणे, आणि नुकसान होत असतानाही खेळ चालूच राहणे किंवा वाढणे, ही त्याची लक्षणे आहेत. सहसा ती १२ महिने टिकलेली दिसल्यावर निदान केले जाते. ज्या घरात मूल या अवस्थेला पोहोचले आहे तेथे उपदेशाचा उपयोग नाही, डॉक्टरांची मदत घ्यायला हवी. पण ही व्याख्या नीट वाचली तर तिच्यात रोज किती तास खेळल्यास विकार, असा आकडा नाही, हे ध्यानात येते. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सात गेमच्या सुमारे ३९,००० प्रौढ खेळाडूंची माहिती होती. खेळाडूंनी अंदाजे सांगितलेल्या वेळेवर त्यांनी भिस्त ठेवली नाही, कंपन्यांकडची प्रत्यक्ष नोंद घेतली. सहा आठवड्यांच्या निरीक्षणात खेळण्याच्या वेळेचा मनःस्वास्थ्यावर म्हणावा असा बरा-वाईट परिणाम दिसला नाही. संबंध दिसला तो प्रेरणेशी. आवडीने खेळणारे आणि खेळल्यावाचून राहवत नाही म्हणून खेळणारे यांच्या मनःस्थितीत फरक होता. हा अभ्यास प्रौढांचा आहे, तो जसाच्या तसा शाळकरी मुलांना लावणे योग्य नाही. पण घड्याळ लावून बसण्यापेक्षा मूल काय खेळते, कोणासोबत खेळते आणि का खेळते हे विचारणे जास्त महत्त्वाचे आहे, ही दिशा त्यातून मिळते.

चीनने २०२१ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलांना ऑनलाइन गेमसाठी शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ ठरवून दिला. आपल्याकडेही असाच नियम यावा, असे अनेक पालकांना वाटते. सरकारने घड्याळ लावले तरी मुलाशेजारी बसण्याचे काम सरकार करू शकत नाही. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेला ऑनलाइन गेमिंगचा कायदा मला म्हणूनच अधिक शहाणा वाटतो. पैसे लावून खेळायच्या खेळांवर त्याने बंदी घातली, असे खेळ चालवणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली, आणि त्याच वेळी ई-स्पोर्ट्स व पैशांविना खेळल्या जाणाऱ्या खेळांना वेगळे काढून त्यांना उत्तेजन देण्याची भूमिका घेतली. जुगाराला खेळाचा मुखवटा चढवून घरे धुऊन नेणारा धंदा आणि भाऊ-बहिणीने सोफ्यावर बसून खेळलेली मोटारींची शर्यत यांत फरक आहे, हे कायद्याने मान्य केले. घरानेही ते मान्य करावे. सगळ्याच खेळांना व्यसन म्हटले की खऱ्या व्यसनात सापडलेले मूल त्या गोंगाटात दिसेनासे होते. स्वीडनच्या एका स्टुडिओने २०२१ मध्ये आणलेला ‘इट टेक्स टू’ हा गेम एकट्याला खेळताच येत नाही. घटस्फोटाच्या उंबरठ्यावर असलेले जोडपे बाहुल्यांच्या रूपात अडकते, आणि दोघांनी एकमेकांच्या कलाने घेतल्याशिवाय एकही टप्पा पार होत नाही. त्या वर्षीचा सर्वोत्तम गेम म्हणून ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये त्याला गौरवले गेले. सारीपाटाच्या दोन बाजूंना बसलेल्या जोडप्याची परंपरा हातात कंट्रोलर घेऊन पुढे चालू राहू शकते, हे त्याने दाखवले. मार्च २०२० मध्ये आलेल्या ‘अॅनिमल क्रॉसिंग’च्या आभासी बेटांवर टाळेबंदीत लोकांनी वाढदिवस आणि लग्नेही साजरी केली. दूरदेशी गेलेल्या मुलाशी व्हिडिओ कॉलवर ‘जेवलास का’पलीकडे बोलणे न सरकणाऱ्या आईवडिलांसाठीही ऑनलाइन लुडोचा एक डाव हे बोलण्याचे निमित्त होऊ शकते. निमित्त मिळाले की मन मोकळे करायला वेळ लागत नाही.

प्राण्यांच्या बाबतीत आक्षेप घराबाहेरून येतात, कारण कुत्रा घरात राहतो पण जिना, लिफ्ट आणि अंगण सर्वांचे असते. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण सोसायटीला, अगदी बहुमताने ठराव करूनही, पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सदनिकांत प्राणी पाळण्यास मनाई करणारे सोसायट्यांचे नियम घटनाबाह्य ठरवले. त्याच न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये, कडक टाळेबंदी असताना, एका नागरिकाला आपल्या मांजरांसाठी खाद्य आणायला बाहेर पडण्याची मुभा दिली होती. प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे राज्यघटनेच्या ५१ क कलमाने नागरिकाचे मूलभूत कर्तव्य मानले आहे. हक्काची बाजू अशी भक्कम आहे. पण हक्क दाखवून कर्तव्य टाळणारा प्राणिप्रेमी स्वतःच्याच बाजूचे नुकसान करतो. देशात २०२४ मध्ये कुत्रा चावल्याच्या सुमारे ३७ लाख घटनांची नोंद झाली, आणि जगातल्या रेबीजबळींपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने आधी दिलेला आदेश काही दिवसांतच बदलला, तेव्हा देशभर दोन तट पडले. चावा घेतलेल्या मुलाच्या आईची भीती खरी आहे. तिला प्राणिद्वेष्टी म्हणणे अन्यायाचे आहे. पाळीव कुत्र्याचे लसीकरण, पालिकेचा परवाना, गळ्यात पट्टा, विष्ठा उचलण्याची तयारी आणि नसबंदी ही लाडाचीच अंगे आहेत. हौस फिटल्यावर रस्त्यावर सोडलेले कुत्रे भटक्यांच्या संख्येत भर घालतात, म्हणजे या प्रश्नाची एक मुळी आपल्याच दिवाणखान्यातून निघते. कोकणच्या आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात बर्फाळ प्रदेशातला हस्की पाळणे किंवा श्वास घेताना धापा टाकणारा चपट्या नाकाचा पग केवळ दिसायला गोंडस म्हणून आणणे यात प्राण्याकडे पाहिलेच जात नाही. लक्ष देणे हीच प्रेमाची कसोटी असेल, तर आपल्या हवेत सुखाने जगणारे देशी पिल्लू दत्तक घेणे हा अधिक प्रेमाचा निर्णय आहे.

यापुढचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि तो घराच्या आतला आहे. लाड सगळ्यांचे, कष्ट कोणाचे? केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे विनामोबदला घरकामात घालवतात, तर घरकामात हात घालणारे पुरुष ८८ मिनिटे. ही दरी असलेल्या घरात कुत्रा आणायचा हट्ट मुले धरतात, मान बाबा डोलावतात, आणि सकाळी सहाला त्याला फिरवणे, त्याचे जेवण शिजवणे, केस झाडणे, औषधाच्या वेळा सांभाळणे हे आईच्या वाट्याला येते. रविवारी दुपारी बाप-लेक गेम खेळतात तेव्हा स्वयंपाकघरात भांडी कोण घासते, हाही त्याच हिशेबाचा भाग आहे. कित्येक घरांच्या फोटोंत एकच माणूस सतत गायब असतो, कारण फोटो काढण्याचे कामही त्याच्यावरच टाकलेले असते. अशा घरात ‘आमचा कुत्रा, आमचा खेळ, आमचा फोटो’ यातला ‘आम्ही’ पुरा नसतो. एका माणसाच्या थकव्यावर उभा असलेला आनंद मी कुटुंबाचा आनंद मानायला तयार नाही. याचे उत्तर मात्र कुत्रा न आणणे हे नाही. उत्तर आहे ते आणण्याआधी कामांची वाटणी ठरवणे आणि ती पाळणे. किंबहुना दहा वर्षांच्या मुलाला आणि पन्नाशीच्या बापाला दुसऱ्या जिवाची रोजची काळजी घ्यायला शिकवणारी याहून चांगली शाळा घरात दुसरी नाही. पाणी ठेवायला आपण विसरलो तर कोणीतरी तहानलेले राहते, ही जाणीव पुस्तकातून येत नाही.

उरतात दोन आक्षेप. एक गरिबीचा. ज्या देशात माणसांना पोटभर मिळत नाही तेथे कुत्र्याला खाऊ कसला, असे विचारले जाते. हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण महागडी गाडी किंवा सोन्याचे दागिने घेताना तो स्वतःला विचारत नाहीत. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणाऱ्या ३०० चौरस फुटांच्या घरांतही मांजरी नांदतात, आणि त्यांना दूध देणारी माणसे श्रीमंत नसतात. गरिबाला फक्त गरजा असतात, आवडी नसतात, हा समज त्याच्या माणूसपणाचा अपमान आहे. त्याला धान्य मिळाले पाहिजे, आणि निवांत बसून खेळायला, कोणाचे लाड करायला, बायकोसोबतचा फोटो भिंतीवर लावायला वेळ आणि जागाही मिळाली पाहिजे. दुसरा आक्षेप एकटेपणाचा. मुलांच्या जागी कुत्री आली, माणसांच्या जागी पडदे आले, असे म्हटले जाते. मुले परगावी गेलेल्या घरात मांजर माणसाची जागा घेत नाही, ती सकाळी उठायला कारण देते. कुत्र्याला फिरवायला बाहेर पडलेल्या वृद्धाशी शेजारी चार शब्द बोलतात, जे एरवी बोलले नसते. माया ही ठरावीक मापाने मिळालेली वस्तू नाही, की प्राण्याला दिली तर माणसाच्या वाट्याची कमी होईल. ती सवय आहे, आणि सवय वापरल्याने वाढते. पडदा जेव्हा माणसाला माणसापासून तोडतो तेव्हा तो बंद करावा, याबद्दल माझे दुमत नाही. पण त्याची परीक्षा घरातल्यांनी डोळे उघडे ठेवून करायची आहे, पडद्याला एकजात शत्रू ठरवून नव्हे.

या सगळ्यातून करण्यासारखे बरेच निघते. गृहनिर्माण सोसायट्यांनी प्राण्यांवर बंदीचे ठराव करण्याऐवजी लसीकरण, पट्टा, स्वच्छता आणि लिफ्टचा वापर यांचे स्पष्ट नियम करावेत आणि ते मोडणाऱ्याला दंड करावा. घरमालकांनी प्राणी पाळणाऱ्या भाडेकरूला दारातूनच परत पाठवू नये, हवे तर जास्तीची अनामत घ्यावी. महापालिकांनी परवाना, लस आणि नसबंदी वस्तीपातळीवर, परवडेल अशा दरात उपलब्ध करून द्यावी. पालकांनी मुलाचा गेम हिसकावण्याआधी आठवड्यातून एकदा त्याच्या शेजारी बसून तो खेळावा. हरल्यावर मूल कसे वागते, अनोळखी माणसांशी काय बोलते, पैसे मागणारी खिडकी कुठे उघडते, हे दुरून कधीच कळत नाही. जोडप्यांनी वर्षातून एकदा तरी मिळून एक फोटो निवडावा आणि छापून घ्यावा. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा फारसा लागत नाही. लागते ती एकमेकांसाठी बसून राहण्याची तयारी, आणि त्या बसण्याला आळस न म्हणण्याचा समंजसपणा. मुलांना आपण कमावायला शिकवतो, स्पर्धेत टिकायला शिकवतो. जीव लावायला, हरूनही खेळात राहायला आणि आपल्या माणसाकडे निरखून पाहायलाही त्यांना घरातच शिकता आले पाहिजे, आणि हे शिक्षण देणाऱ्या गोष्टींना घरात हक्काने जागा मिळाली पाहिजे.